मागचा डॅशकॅम रात्री आंधळा का होतो? शहापूर-मुरबाडच्या रस्त्यावर केलेली पडताळणी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मुरबाडला नातेवाइकांकडे हळद होती. रात्री साडेअकराच्या सुमारास मी कारने सरळगाव-किन्हवलीमार्गे शहापूरला परत निघालो. माझा आतेभाऊ बाईकवर मागेच होता. सरळगाव सोडल्यावर थोड्याच वेळात एका पिकअपने त्याला कट मारला, तो पडला आणि पिकअपवाल्याने तिथेच गाडी वळवून उलट्या दिशेने पळ काढला. मी आरशात पाहून ब्रेक मारला. भावाचा पाय मोडला होता, बाकी जीव वाचला.

त्या गडबडीतही मनात एक दिलासा होता, आपल्याकडे मागचा कॅमेरा आहे. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाइलवर व्हिडिओ उघडला. काय दिसलं? काळोख, त्यात दोन पांढरे गोळे आणि कडेला बाईकचा एक गोळा. नंबर तर सोडाच, पिकअपचा रंगसुद्धा कळेना. आत्या एवढंच म्हणाली, "एवढा कॅमेरा लावलायस ना बाबा, मग दिसत का नाही?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आत्ताच हा विषय का?

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. हा टप्पा आपल्या शहापूर तालुक्यातूनच जातो. एकीकडे १२० च्या वेगमर्यादेचा हा रस्ता, दुसरीकडे कसारा घाट आणि जुना मुंबई-नाशिक महामार्ग, तिसरीकडे कल्याण-मुरबाड-माळशेज. या सगळ्यांना जोडणारे आतले रस्ते मात्र तेच, दोन पदरी आणि गाव संपलं की काळोख. त्यामुळे आपल्याकडची पोरं गाडी घेतली की सीट कव्हरच्या आधी डॅशकॅम बसवतात. दुकानदारही "पुढचा-मागचा दोन्ही घ्या, पुरावा राहतो" असं सांगून विकतो.

तो पुरावा किती कामाचा, हे पैशांत मोजता येतं. धडक देणारी गाडी सापडली नाही, तर 'हिट अँड रन' योजनेत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापत आहे. गाडी सापडली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करताही मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळू शकतात. चूक सिद्ध करून न्यायाधिकरणात गेलात तर रक्कम त्याहून जास्तही होऊ शकते.

म्हणजे आमच्या बाबतीत नंबर दिसणं आणि न दिसणं यात थेट दोन लाखांचा फरक होता. मजुरीवर घर चालवणाऱ्या माणसासाठी ही रक्कम किती मोठी आहे ते सांगायला नको.

मागचा कॅमेरा पुढच्यापेक्षा दुबळा का?

पहिलं कारण सेन्सर. बॉक्सवर मोठ्या अक्षरात '४के' किंवा 'स्टारविस' लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा फक्त पुढच्या कॅमेऱ्याबद्दल असतं. मागचा साधारणपणे १०८०पी चा, साध्या सेन्सरचा. काही गाड्यांत कंपनीकडूनच 'ड्युअल डॅशकॅम' येतो, त्यात दुसरा कॅमेरा केबिनच्या आत बघणारा असतो, मागे बघणारा नाही. घेताना हे विचाराच.

दुसरं कारण प्रकाश, आणि हेच मुख्य आहे. पुढच्या कॅमेऱ्याला तुमच्या हेडलाइटची मदत असते. शिवाय पुढे चाललेल्या गाडीच्या मागच्या नंबर प्लेटवर स्वतंत्र दिवा असतो. मागच्या कॅमेऱ्याचं उलट आहे. मागून येणाऱ्या गाडीच्या पुढच्या प्लेटवर दिवा नसतो, तुमच्या गाडीतून मागे जाणारा प्रकाश म्हणजे फक्त लाल टेललॅम्प, आणि त्या अंधाऱ्या प्लेटच्या दोन्ही बाजूंना डोळे दिपवणारे हेडलाइट. एचएसआरपी प्लेट चमकते हे खरं, पण प्रकाश जिथून आला तिकडेच ती तो परत पाठवते. आपल्या बाजूने प्रकाशच गेला नाही तर परत येणार काय?

तिसरं कारण काच. नियमानुसार मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. त्यावर कोणी ५० टक्क्यांची काळी फिल्म लावली तर ७० चे निम्मे, म्हणजे ३५ टक्केच प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच काळ्या फिल्मवर बडगा उगारला होता. दंड वाचेल तो वेगळाच, कॅमेऱ्याला दुप्पट उजेड मिळेल हा नफा.

थोडं गणित

१०८०पी कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सेल असतात. कॅमेरा १३० अंशांचा परिसर टिपत असेल तर एका अंशाला जेमतेम १५ पिक्सेल येतात. कारची प्लेट ५० सेंटीमीटर रुंद. ५ मीटरवर ती साधारण ८५ पिक्सेल भरते. दहा अक्षरं-आकडे, म्हणजे एकाला आठ-साडेआठ पिक्सेल. कसाबसा वाचता येईल. १० मीटरवर हेच चार पिक्सेल होतात. मग दिवसाढवळ्याही तो ठिपकाच. बाईकची पुढची प्लेट तर २८.५ सेंटीमीटरचीच, तिचं अंतर आणखी कमी.

आता वेग. अंधारात कॅमेरा उजेड गोळा करण्यासाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, अगदी १/३० सेकंदापर्यंत. समोरची गाडी तुमच्या तुलनेत ताशी ३६ किलोमीटरने सरकत असेल तर तेवढ्या वेळात ती ३३ सेंटीमीटर पुढे जाते. प्लेटवरचं अक्षर साडेसहा सेंटीमीटर उंच. मग ते पुसट होणारच.

यातून एक उपयोगी गोष्ट कळते. जी गाडी तुमच्याच वेगाने मागे चिकटून येते, ती कॅमेऱ्यासाठी जवळपास स्थिर असते. सिग्नलला, टोलला, खड्ड्यापाशी ती जवळ येते तेव्हा नंबर मिळण्याची शक्यता सर्वात जास्त. अपघाताच्या क्षणाचा व्हिडिओ पुसट असला तरी त्याआधीची दहा मिनिटं सावकाश बघा. आमच्या व्हिडिओत दुर्दैवाने पिकअप जवळ आलाच नव्हता.

काय तपासायचं? याच क्रमाने

पुढच्या रविवारी मी कॅमेरा पूर्ण उलगडला. चार चुका सापडल्या आणि चारही माझ्याच.

१. मूळ फाइल बघा. अॅपमध्ये वायफायवर दिसतं ते हलक्या दर्जाचं प्रीव्ह्यू असतं. क्वालिटी ठरवायची तर मूळ फाइल डाउनलोड करा किंवा कार्ड काढून कॉम्प्युटरवर पाहा. हॉस्पिटलमध्ये मी प्रीव्ह्यूच बघत होतो. मूळ फाइलमध्ये नंबर नव्हताच, पण पिकअपचा पांढरा रंग आणि मागची ताडपत्री तरी कळली.

२. लेन्स आणि काच पुसा. माझ्या लेन्सवर कंपनीची पातळ संरक्षक फिल्म तशीच होती, वर्षभर! आपल्याकडे मातीची धूळ, त्यात मागच्या काचेला बऱ्याच हॅचबॅकमध्ये वायपर नसतो. धुळीवर हेडलाइट पडला की पूर्ण चित्र दुधाळ होतं. काच आतूनही पुसा. डिफॉगरची रेघ लेन्सच्या समोर येत असेल तर कॅमेरा थोडा सरकवा.

३. सीपीएल फिल्टर काढा. दिवसा काचेवरचं प्रतिबिंब घालवणारा हा फिल्टर बराचसा प्रकाश खातो. रात्री जास्त फिरत असाल तर त्याची गरज नाही.

४. एक्स्पोजर कमी करून बघा. मागच्या कॅमेऱ्याची 'ईव्ही' सेटिंग वेगळी असेल तर ती -०.३ किंवा -०.७ वर न्या. ऐकायला उलटं वाटतं, पण काळा परिसर बघून कॅमेरा चित्र उगाच उजळ करायला जातो आणि हेडलाइट पूर्ण फुटतात. चित्र थोडं काळं झालं तरी चालेल, प्लेटभोवतीची चकाकी कमी व्हायला हवी. एचडीआर किंवा डब्ल्यूडीआर असेल तर तो चालू ठेवा.

५. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ ठेवा. गावात शिरल्यावर रस्त्यावरचे दिवे व्हिडिओत लुकलुकत असतील तर सेटिंग ६० वर असू शकतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे.

६. वायर तपासा. चित्रात रेघा, थरथर किंवा मधेच काळा पडदा येत असेल तर दोष उजेडाचा नाही, वायरचा आहे. मागच्या दरवाजाच्या रबरी नळीत वायर उघडझाप होऊन दबते. दोन्ही टोकांचे जॅक काढून घट्ट बसवा.

७. कार्ड. 'हाय एंड्युरन्स' लिहिलेलं कार्डच घ्या आणि महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. दोन्ही कॅमेऱ्यांचा मिळून बिटरेट ३२ एमबीपीएस असेल तर तासाला साधारण १४ जीबी लागतात. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड चार-साडेचार तासांत भरतं आणि जुनं पुसायला लागतं.

मागे जादा पांढरा फोकस लावायचा 'जुगाड' मात्र करू नका. मागच्या चालकाचे डोळे दिपले तर नवा अपघात तुमच्यामुळे होईल.

हे सगळं केल्यावर अंगणात खडूने ३, ५ आणि १० मीटरच्या रेघा मारल्या. मित्राची गाडी डिपरवर, म्हणजे लो बीमवर, उभी केली. आधी ३ मीटरवरही नंबर येत नव्हता. आता ३ वर स्पष्ट आणि ५ वर ब्रेक दाबला की वाचता येतो, कारण ब्रेकलाइटचा उजेड प्लेटवर पडतो. १० मीटरवर काहीच नाही. ही या कॅमेऱ्याची मर्यादा आहे. त्यापुढे जायचं तर चांगल्या सेन्सरचा मागचा कॅमेरा घ्यावा लागेल, सेटिंगने भागणार नाही.

व्हिडिओ मिळाला, पण पुरावा झाला का?

इथेही बरेच जण चुकतात. गाडीला धक्का बसला की कॅमेरा तो व्हिडिओ आपोआप लॉक करतो. धक्का दुसऱ्याला बसला असेल तर करत नाही, तो चार तासांनी पुसला जाईल. म्हणून लगेच लॉकचं बटण दाबा किंवा सरळ कार्ड काढून खिशात ठेवा.

दुसरं, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि फाइलच बदलते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ कार्ड जपा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं, एक तुमचं आणि एक तज्ज्ञाचं. त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू', म्हणजे डिजिटल ठसा, द्यावी लागते. फाइल कापली, गाणं टाकलं, रील केली की ठसा बदलला.

याची मुळं आपल्याच जालन्यात आहेत. तिथल्या विधानसभा निवडणुकीच्या वादात व्हिडिओ रेकॉर्डिंगचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ जुलै २०२० ला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात न्यायालयाने जुन्या कायद्यातलं असं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. मालकाने मूळ उपकरणच न्यायालयात आणून साक्ष दिली तर गोष्ट वेगळी, असंही त्यात सांगितलं होतं. मूळ कार्ड का जपायचं ते यावरून कळेल.

आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बघा. माझं अकरा मिनिटं मागे होतं. वेळ चुकीची असेल तर रस्त्यावरच्या दुसऱ्या सीसीटीव्हीशी जुळवताना सगळा घोळ होतो.

भावाचा पाय आता बरा आहे. पिकअप सापडला नाही, आम्ही हिट अँड रनचा अर्ज केला आहे. आत्याला मी अजून सगळं समजावून सांगितलेलं नाही, कारण लेन्सवरच्या त्या फिल्मबद्दल सांगायची लाज वाटते.

तुम्ही आज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं काढा. शेजाऱ्याची गाडी तुमच्या गाडीमागे तीन मीटरवर उभी करा, दिवे लावा, एक मिनिट रेकॉर्ड करा आणि मूळ फाइल उघडून बघा. नंबर वाचता येतोय का, हे गरज पडायच्या आधी माहीत असलेलं बरं.