कॅमेऱ्यापुढच्या बाईला विचारलं का?

बारामती-इंदापूर भागात मी व्हिडिओचं काम तीन ठिकाणी केलं. आधी बातम्यांसाठी, मग निवडणूक प्रचारासाठी आणि आता बायकांच्या संघटनांसाठी. ‘प्रचाराचं काम केलेली बाई आपल्यात कशी चालेल?’ असं काही मैत्रिणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण तो एकट्या प्रचाराला लावून भागणार नाही.

बातमीचंच घ्या. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हे बाहेर यायलाच हवं होतं. पण आपल्याकडच्या कारखान्यांवर हंगामाला येणारी ऊसतोड बाई कोपीपुढं कॅमेऱ्याशी बोलते, तेव्हा मुकादम शेजारी उभा असतो. बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे. गर्भाशयाबद्दल बोलणारीला ते कलम लागू होत नाही. बातमी संपते, पण तिला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडून उचल घ्यायची असते.

प्रचारात पैसे देणारा ठरवतो काय ठेवायचं. मे २०२४ मध्ये बारामती लोकसभेला सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, नणंद-भावजय, समोरासमोर होत्या. दोन्हीकडे बाई उमेदवार असली तरी साध्या बाईचं बोलणं आपोआप ऐकलं जात नाही. प्रचाराच्या व्हिडिओत डोक्यावर हंडा घेतलेली बाई हवी असते, पाणी का येत नाही हे तिचं वाक्य नको असतं. छापील पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव घालावंच लागतं. मोबाइलवर फिरणारी फीत मात्र बेवारस फिरते, तिचा चेहरा घेऊन.

आणि आपण? अहवालासाठी, देणगीदारासाठी रडणारी बाई आपल्यालाही लागते. संमतीच्या कागदावर सही घेतो, पण कागद इंग्रजीत. आपला हेतू चांगला म्हणून तिला विचारायची गरज संपते का? मला तसं वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. चित्रण कुणासाठी, पैसे कुणाचे, कुठे दाखवणार, हे तिला तिच्या भाषेत आधी सांगावं. मुकादम, नवरा, सासू समोर नसताना विचारावं. जोडलेली फीत तिला दाखवावी आणि ‘हे काढा’ म्हणाली तर काढावं. एका कामाचं चित्रण तिला न विचारता दुसऱ्या कामाला वापरू नये.

याहून पुढची गोष्ट म्हणजे कॅमेरा बायकांच्या हाती देणं. अहमदाबादच्या ‘सेवा’मध्ये १९८४ पासून भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही व्हिडिओ करायला शिकल्या. आपल्या गटांतल्या बायकांना ते का जमू नये?

मैत्रिणींनो, माझ्यासारखीला काम द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. पण जिला द्याल तिच्याकडून या अटी आधी लिहून घ्या. तुमच्या गटात यावर बोला आणि काय ठरलं ते जरूर कळवा.