दावणीचा म्हातारा

आम्हा कारकुनांच्या निवृत्तीची तारीख ठरलेली असते. बैलाची नसते. चांदूर बाजारला आमच्या शेजारच्या काकाजींचा बैल बारा वर्षे वखर-डवरे ओढून थकला. आता जू ठेवले की खाली बसतो. पूर्वी असा बैल विकून, पदरची भर घालून लोक नवा गोऱ्हा आणीत. १९७६ च्या कायद्याने गोहत्येस बंदी होती, पण म्हातारा बैल दाखला घेऊन कापता येई. मार्च २०१५ पासून तेही बंद. गिऱ्हाईक उरले नाही. कुटार-ढेप मात्र रोज लागते. दोन एकरवाल्याने ती आणावी कुठून? कायदा करणाऱ्यांनी दावणीचा हिशेब विचारलाच नाही! गोरक्षणात सोडा म्हटले, तर काकी ऐकत नाहीत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-तूप घेऊन त्यांनी त्याचाच खांदा आधी शेकला.