गच्चीवरचा मळा आणि मनमाडचे पाणी

मनमाडला पाण्याचा हिशेब धान्याच्या हिशेबाआधी शिकावा लागतो. वागदर्डी धरणावर विसंबलेल्या या जंक्शनच्या गावी टंचाईच्या वर्षांत नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी आलेले आहे. अशा गावात गच्चीवर भाजी लावा, असे कोणी सुचविले, तर गृहिणीने पाण्याच्या पिंपाकडे बोट दाखविणे स्वाभाविकच होय.

तरीही मुंबईचे एक उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास बाग उभी केली. भाज्यांची साले-देठे, वाळका पाला, उसाची चिपाडे हेच तिचे भांडवल, माती नाममात्र. प्रेरणा कोल्हापूरचे गणितज्ञ श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराची. पाल्याचा जाड थर ओल धरून ठेवतो, हे त्यातील मर्म मुंबईपेक्षा मनमाडलाच अधिक उपयोगी.

मात्र मुंबईची हुबेहूब नक्कल येथे नको. मेथी-पालक रोज पाणी मागतात. त्या शेतकऱ्याकडूनच घ्याव्यात. अंगणात हातभर जमीन असेल तर शेवगा लावावा. त्याची फांदी रोवली तरी जगते आणि एकदा मूळ धरले की डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर त्याचे भागते. गच्चीवर मोठ्या पिंपात घोसाळ्याचा वेल चढवावा व त्याच्या मुळाशी मातीचे साधे मडके गळ्यापर्यंत पुरावे. मडक्यातील पाणी पाझरत मुळांपाशी जाते, उन्हाने उडून जात नाही. झाकण मात्र हवेच, एरवी डास होतात.

शेवगा बहरला की शेंगा एका घराला संपत नाहीत. व्यापाऱ्याचे मन भाव विचारील. पण चार जुड्या घेऊन बाजारात कोण बसणार? त्या शेजारी जातात, शेजारून कढीपत्ता येतो आणि ही देवघेव कोणत्याच खतावणीत चढत नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या घरचा वेल तिथी पाहून थांबत नाही. त्या दिवशीचे घोसाळे तिथी न पाळणाऱ्या शेजाऱ्याच्या कढईत पडते.

शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, मुलांना त्यावर चढू देऊ नये. बहार सरल्यावर पावसाच्या तोंडाशी छाटणी करून झाड हाताला येईल एवढेच ठेवावे. छाटलेल्या जाड फांद्या गल्लीत ज्यांना हव्या असतील त्यांना लावण्यासाठी द्याव्यात.