भूगोल गाणारी कुरवंजी

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ ही नृत्यनाटिका रचली आणि तिच्यात चक्क जगाचा भूगोल गाण्यांतून मांडला. राजेसाहेब घोकंपट्टीला कंटाळले असावेत, असं आम्हाला आपलं उगाच वाटतं!

पुढे १९३९ साली इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी याच तमिळ मुलखात, मद्रासच्या अड्यारला आल्या. त्यांच्या पद्धतीत मूल लाकडी दट्ट्यांचा ठोकळा घेऊन बसतं. दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला की शेवटचा कुठेच बसत नाही. मूल स्वतःच सगळे काढून पुन्हा लावतं. वर्गातल्या बाईंना ‘चुकलं’ म्हणावंच लागत नाही. आपल्या नेहमीच्या वर्गात हे काम छडी आणि लाल शाई करत आली. पाढे पाठ करण्याला आमचा विरोध नाही, पण चाळीस मुलांनी एकाच वेगाने शिकायचं हा हट्ट कशाला?

महागड्या साहित्याची सबब मात्र सांगू नका. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं ते शंख-शिंपले, बिया, पानं घेऊन. पुढे कोसबाडला त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेवरचा लेख या अंकात आधी वाचा.