‘सुकाणू’ हाती घेण्यापूर्वी

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी एक ‘सुकाणू समिती’ नेमण्यात आली. समिती अकरा जणांची. पण तिच्या पहिल्या दोन बैठका एकाच प्रश्नावर खर्ची पडल्या : प्रमुख कोण? नाटक कोणते बसवायचे, वर्गणी किती काढायची, मांडवाचे कोण पाहणार, याविषयी चकार शब्द नाही. त्या भांडणात मीही मागे नव्हतो, हे प्रथमच कबूल करतो. दुसऱ्या बैठकीनंतर डोके शांत करावे म्हणून ग्रंथालयात जाऊन बसलो. ज्या वस्तूसाठी आपण एवढे हमरीतुमरीवर आलो ती वस्तू तरी काय आहे, ते पाहावे म्हटले आणि ‘सुकाणू’ हा शब्द शोधू लागलो.

शब्द अस्सल मराठी असेल अशी माझी समजूत होती. तो निघाला अरबी. मूळ रूप ‘सुक्कान’. दहाव्या शतकात अल्-मसूदी हा अरब प्रवासी आपल्या चौल बंदरात येऊन गेला. अरब त्याला ‘सैमूर’ म्हणत. अरबस्तान, इराण आणि कोकण यांच्यामध्ये शतकानुशतके गलबते ये-जा करीत होती. मालाबरोबर शब्दही उतरत होते. ‘बंदर’ फारसी, ‘खलाशी’ अरबी, आणि ‘सुकाणू’ही त्याच वाटेचा प्रवासी. पुढे इंग्रजांच्या जहाजांवर सुकाणू धरणाऱ्या हिंदी खलाशाला ‘सीकनी’ म्हणू लागले. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात त्याची नोंद आहे. तेही फारसी ‘सुक्कानी’चेच इंग्रजी रूप.

परंतु मला खरी गंमत वाटली ती पुढेच. अरबी कोशकार हा शब्द ‘स-क-न’ या धातूखाली घालतात. त्याचा अर्थ स्थिर होणे, शांत होणे, वस्ती करणे. हिंदी गाण्यांतून आपल्या ओळखीचा झालेला ‘सुकून’ याच धातूचा. जुन्या कागदपत्रांत माणसाच्या नावापुढे गाव सांगताना ‘साकीन’ लिहीत, तोही याच घरातला. म्हणजे या कोशकारांच्या मते सुकाणू म्हणजे नौकेला हेलकाव्यांपासून आवरणारे, तिला स्थिर ठेवणारे साधन. आधुनिक भाषाभ्यासक शब्दाचा माग आणखी मागे, थेट बाबिलोनपर्यंत नेतात. तिथल्या अक्कादी भाषेत सुकाणूला ‘सिक्कान्नू’ म्हणत. उगम तिकडचा असो. ज्यांनी हजार वर्षे तो शब्द समुद्रावर वापरला त्यांना त्यात स्थैर्य ऐकू आले, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्याला मात्र त्यात फक्त सत्ता ऐकू येते. ‘देशाचे सुकाणू हाती घेतले’, ‘संस्थेचे सुकाणू त्यांच्याकडे आले’ अशी वाक्ये आपण रोज वाचतो, आणि डोळ्यांसमोर उभी राहते ती खुर्ची!

आता आपल्या संस्कृतकडे वळू. तिथे सुकाणू धरणारा तो ‘कर्णधार’. आज हा शब्द क्रिकेटच्या संघापुरता उरला आहे. पण मुळात ‘कर्ण’ म्हणजे जसा कान, तसेच नौकेचे सुकाणूही. घोड्याचा कान धरून त्याला वळवावे तसे काहीसे चित्र माझ्या मनात येते. तो कोशातला अर्थ नव्हे, माझी कल्पना आहे. पण कर्णधाराला कान असावे लागतात, ही काही कल्पना नाही. दहाव्या शतकातच अल्-मुकद्दसी या भूगोलवेत्त्याने तांबड्या समुद्रातल्या प्रवासाचे वर्णन केले आहे. त्या समुद्रात खडक फार. नौकेचा प्रमुख उंचावर बसून पाण्यावर नजर ठेवी. खडक दिसला की तो उजवीकडे किंवा डावीकडे अशी आरोळी देई. दोन पोरे ती आरोळी पुढे पोहोचवीत. आणि सुकाणूवरचा माणूस ती ऐकून हातातल्या दोन दोरांपैकी एक ओढी. सुकाणू ज्याच्या हाती होते त्याचे मुख्य काम ऐकणे हेच होते!

आणखी एक साधी गोष्ट. सुकाणू नौकेला गती देत नाही. गती देतात शीड आणि वल्ही. नौका पाण्यात निश्चल उभी असेल तर सुकाणू कितीही फिरवा, ती जागची वळत नाही. आणि चालत्या नौकेचे सुकाणू एकदम आडवे केले तर तिचा वेगच मारला जातो. जाणता माणूस ते थोडे थोडे, पुनःपुन्हा सावरीत असतो. सुकाणू धरणाऱ्याला ग्रीक भाषेत ‘कुबेर्नेतेस’ म्हणत. लॅटिनच्या वाटेने इंग्रजीतला ‘गव्हर्नर’ त्यातूनच आला. त्याच ग्रीक शब्दावरून १९४८ साली नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञाने ‘सायबरनेटिक्स’ हे नाव घेतले. चूक पाहायची, ती परत कळवायची आणि त्याप्रमाणे सुधारायचे, हे या शास्त्राचे सूत्र. त्याला सुकाणूवाल्याचेच नाव मिळावे, यात नवल ते काय!

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, ‘सुकाणू समिती’ हे नाव आपण घेतलेच आहे तर त्याचा अर्थही घ्यावा. अकराही जणांना सुकाणूच हवे असेल तर शीड कोणी उभारायचे? वल्ही कोणी मारायची? मग ती समिती महाविद्यालयाची असो, गावच्या सोसायटीची असो की देश चालवणाऱ्यांची असो. ज्याच्या हाती सुकाणू आहे त्याने आधी पुढून येणारी आरोळी ऐकावी. आणि आपण बाकीच्यांनी, खडक दिसला तर, ती आरोळी द्यायला कचरू नये. तेही आपलेच काम आहे.

तिसऱ्या बैठकीत प्रमुख ठरला. तो मी नव्हे. माझ्याकडे मांडवातल्या खुर्च्यांचे काम आले. संमेलनाच्या पहिल्या दिवशी त्या चाळीस कमी पडल्या. तशी आरोळी मी दिली. प्रमुखाने ती ऐकली, आणि नाटकाची घंटा होण्यापूर्वी खुर्च्या आल्या.