बोरू कुठे मिळेल?

शाळेचे वार्षिक प्रदर्शन जवळ आले की घरोघरी लगबग सुरू होते. ‘जुने पत्र’ करायचे म्हणजे कोरा कागद चहाच्या पाण्यात बुडवायचा, कडा मेणबत्तीवर जाळायच्या आणि अक्षरे संगणकावरून छापून घ्यायची. एका संध्याकाळी काम होते, बक्षीसही मिळते. यंदा आम्ही काही शिक्षक व पालकांनी ठरवले की मोडी पत्राचा प्रकल्प खऱ्या साहित्यानेच करायचा. बोरू, घरी केलेली शाई आणि घोटलेला कागद. त्या शोधात आमचे एक मत बनले, ते आपणां सर्वांपुढे ठेवावेसे वाटते.

मोडीच का? होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या दप्तरांतील जुने मराठी कागद मोडीत आहेत. अहिल्याबाईंच्या (१७२५–१७९५) काळचा पत्रव्यवहार मोडीतच चाले. आपल्यापैकी काही घरांत ट्रंकेच्या तळाशी असे कागद अजून असतील, पण ते वाचणारे घरात कोणी उरलेले नाही.

पहिल्याच दिवशी आमची फजिती झाली. इंदूरच्या सियागंजात ‘हिराकस आहे का?’ असे विचारले, तर दुकानदाराने मान हलवली. ‘कसीस’ म्हटल्यावर मात्र त्याचा हात लगेच मागच्या डब्याकडे गेला. आपला हिरडा तिथे ‘हर्रा’, आपला डिंक तिथे ‘गोंद’. मुलांना याची मोठी गंमत वाटली. आम्हांला थोडे वाईटही वाटले, कारण ‘हिराकस’ हा शब्द वर्गातल्या एकाही मुलाने ऐकलेला नव्हता. तो माहीत होता एका विद्यार्थ्याच्या आजींना.

त्या आजींनीच पुढची वाट दाखवली. “हिरडा-हिराकशीची शाई कालांतराने कागद खाते रे, काजळीची करा,” त्या म्हणाल्या. मग तिळाच्या तेलाचा दिवा लावून त्यावर पालथे भांडे धरले, काजळी खरवडली, बाभळीचा डिंक भिजत घातला. काजळी साध्या पाण्यावर नुसती तरंगते. डिंकाच्या पाण्यात तासन् तास खलली तरच शाई होते. मुलांचे हात भरून आले, तेव्हा एकीने विचारले, “सर, पूर्वीचे कारकून रोज एवढे करायचे?” हा प्रश्न पुस्तक वाचून तिला पडला नसता.

बोरू कोणत्याच दुकानात मिळाला नाही. ओढ्याकाठची पोकळ, टणक काडी शोधून आणावी लागली. ओली काडी वाळल्यावर आकसते, म्हणून आधी ती सुकण्याची वाट पाहिली. मग मोठ्यांनी धारदार चाकूने टोक तिरके छाटून मध्ये चीर दिली. दुकानातल्या हातकागदावर शाई फुटू लागली, तेव्हा त्याला खळ लावून, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटले. जुने कागदी हेच करीत.

काही पालकांनी तक्रार केली, आणि ती अगदीच गैर नाही. परीक्षा तोंडावर असताना एका पत्रासाठी एवढी पायपीट कशाला? आमचे उत्तर असे, की पाच प्रकल्प घाईने उरकण्यापेक्षा वर्षभरात एकच नीट करावा. सारा खर्चही चहात बुडवलेल्या, चकचकीत चौकटीत बसवलेल्या पत्राहून कमीच आला.

खऱ्या साहित्याचा हट्ट मात्र एका मर्यादेपर्यंतच. जुन्या पोथ्यांत चुकीच्या अक्षरांवर पिवळी हरताळ फासत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. पण हरताळीत सोमल असतो आणि लाल हिंगुळात पारा. हे पदार्थ मुलांच्या हाती कदापि देऊ नयेत. तिथे साधा पिवळा रंग व गेरू वापरावा आणि ‘हरताळीऐवजी साधा रंग’ अशी चिठ्ठी खाली लावावी. पर्याय वापरण्यात कमीपणा नाही. तो लपवू नये, एवढेच.

यासाठी शाळेला आमची एक सूचना आहे. ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. त्यात प्रत्येक वस्तूचे मराठी नाव, इथल्या बाजारातले नाव, ती कुठे मिळाली आणि कोणी सांगितली, हे मुलांनीच लिहावे. पुढच्या वर्षीच्या मुलांची पायपीट वाचेल आणि शब्दही टिकतील. घरच्या आजी-आजोबांना विचारायला फार उशीर करू नये. ती माणसे हीच आपली खरी दुकाने आहेत, आणि ती एकेक करून बंद होत आहेत.

प्रदर्शन संपल्यावर एक मुलगा घरचा जुना मोडी कागद घेऊन आला. मजकूर त्याला वाचता येत नव्हता. पण एका ठिकाणी बोट ठेवून तो म्हणाला, “इथे शाई फिकी होत गेलीय आणि पुढे एकदम काळी. इथे त्यांनी बोरू पुन्हा दौतीत बुडवला.” आता त्याला मोडी शिकायची आहे. त्याला शिकवायची सोय करणे हे आपले काम आहे.