रोबस्टाची उपेक्षा

हैदराबादच्या तारनाका भागातील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील चहा-कॉफीविषयीच्या सूचनेची बरीच चर्चा झाली. जेवणाच्या आधी व नंतर तासभर ही पेये टाळावीत, कारण त्यांतील टॅनिन अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. आणि दिवसाकाठी ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफीन घेऊ नये, असा हा सल्ला होता. दीडशे मिलिलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते, असेही संस्थेने सांगितले. ज्या संस्थेचा उगम १९१८ साली कुन्नूरला, म्हणजे चहा-कॉफीच्या मळ्यांच्याच मुलखात झाला, तिने हे सांगावे यात थोडी गंमत आहे. परंतु सल्ला रास्त आहे व त्याविषयी आम्हांस वाद घालावयाचा नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. हा हिशेब पाळू पाहणाऱ्या गृहस्थाने तो मांडावा कशाच्या आधारे?

कॉफीच्या दोन प्रमुख जातींपैकी अरेबिकाच्या बियांत कॅफीन सुमारे सव्वा ते दीड टक्का, तर रोबस्टाच्या बियांत दोन टक्क्यांहून अधिक, म्हणजे जवळजवळ दुप्पट असते. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी ७० टक्क्यांच्या आसपास कॉफी रोबस्टा आहे. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापावेच लागते आणि अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असलीच पाहिजे, असा नियम आहे. मात्र ही कॉफी कोणत्या जातीची, हे सांगण्याची सक्ती नाही. परिणामी ‘अरेबिका’ हा शब्द ठळक अक्षरांत मिरवतो आणि रोबस्टा मुकाट्याने पुडीत शिरते.

ही लपवाछपवी होते, कारण रोबस्टा म्हणजे कडवट, जळक्या चवीचा, स्वस्त माल, अशी समजूत रूढ झाली आहे. ती कितपत खरी, हे पाहावयाचे तर तिच्या माहेरी, युगांडात गेले पाहिजे. गोमंतकातील कित्येक घरांना तो देश परका नाही. तेथील कचेऱ्यांतून नोकऱ्या केलेली आपली माणसे १९७२ साली इदी अमीनच्या हुकुमाने नव्वद दिवसांत देशोधडीला लागली. त्या देशात रोबस्टा मूळचीच आहे. व्हिक्टोरिया सरोवराचा काठच समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून उंच. तेथे केळीच्या सावलीत, लहान लहान शेतकऱ्यांच्या परसात ही झाडे वाढतात. पाहुण्यासमोर उकडून वाळवलेली कॉफीची फळे चघळावयास ठेवण्याची तेथील रीत, आपल्याकडील विड्याच्या तबकाची आठवण करून देणारी आहे. विषुववृत्तावरील पावसामुळे वर्षातून दोनदा बहर येतो आणि एकाच फांदीवर हिरवी व लाल फळे शेजारी शेजारी लोंबतात. खरी मेख येथेच आहे. सारी फांदी एका ओरबाड्यात रिकामी केली, तर कच्च्या फळाचा तुरटपणा पेल्यात उतरणारच. पिकलेलेच फळ हाताने खुडून, धुऊन, मातीचा स्पर्श होऊ न देता वाळवले, तर त्याच झाडाची कॉफी कोको व भाजलेल्या दाण्यांच्या चवीची, दाट आणि गोडसर लागते.

१९९३ साली आढळलेल्या मर रोगाने युगांडातील रोबस्टाची जवळजवळ निम्मी झाडे गेली. त्या देशाने रोगाला दाद न देणारी रोपे तयार केली आणि २०१० च्या सुमारास उत्तम रोबस्टाचे मूल्यमापन कसे करावे याची स्वतंत्र कसोटी ठरविण्यात पुढाकार घेतला. कडू-गोडाचे आणि खारट-आंबटाचे प्रमाण हे तिचे खास निकष. शंभरपैकी ऐंशी गुण मिळवील ती उत्तम. रोबस्टाला अरेबिकाच्या मापाने मोजणे म्हणजे उकड्या तांदळाला बासमतीचा वास नाही म्हणून नाके मुरडणे होय.

आपल्याकडे ही विद्या नाही असे मुळीच नाही. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने रोबस्टाच्या सरस जाती काढल्या. कोडगू आणि वायनाडचे बागायतदार फणसाच्या सावलीत, मिरवेलीच्या सोबतीने ती पिकवितात, आणि धुतलेल्या भारतीय रोबस्टाला युरोपात चढा भाव येतो. मात्र तिचा मोठा भाग परदेशी जातो. १९४२ पासून नव्वदीच्या दशकापर्यंत कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात एका मळ्याचा माल दुसऱ्याच्या मालात मिसळला जाई. ती पद्धत १९९६ पर्यंत संपुष्टात आली, तरी देशी बाजारातली निनावी पुडी तशीच राहिली. २०२४ साली लंडनच्या बाजारात रोबस्टाचा भाव टनामागे पाच हजार डॉलरांवर गेला, तेव्हा निवडून खुडणारा आणि ओरबाडणारा दोघांनाही सुगी लाभली. भाव उतरले की निवडून खुडणाराच प्रथम भरडला जातो, कारण खुडणीची मजुरी त्याने वाढीव दिलेली असते आणि ग्राहकाला मात्र त्याचा माल ओळखता येत नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने चिकोरीच्या टक्केवारीशेजारी आणखी एक ओळ सक्तीची करावी, अशी आमची मागणी आहे: अरेबिका किती, रोबस्टा किती. हे प्रमाण उत्पादकांस ठाऊक असतेच. ते छापण्यास जादा शाई फारशी लागणार नाही. रोबस्टाचे नाव छापल्याने खप घटेल, अशी भीती काही कारखानदारांना वाटेल. त्यांनी युगांडाचा माल एकदा दुधाशिवाय चाखून पाहावा.